राष्ट्रपतिपदाची उमेदवारी आणि तर्कांचे पतंग

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग शिरवळ मागे टाकून खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी येतो, तेथे खंडाळा हे तालुक्याचे गाव आहे. बोरघाटातील थंड हवेच्या खंडाळ्याशी याचे नामसाधर्म्यापलीकडे काहीही नाते नाही. येथे सहलीला कोणी येत नाही. येथे थांबतो तो घाट चढण्यापूर्वी चहा घेणारा वाहनचालक, एस.टी.ची वाट पाहणारा विद्यार्थी, शिरवळच्या कारखान्यातून पाळी संपवून परतणारा कामगार. अशा गावातही दिल्लीचे राजकारण चवीने चघळले जाते आणि त्यात गैर काहीच नाही. द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ २४ जुलै २०२७ रोजी पूर्ण होतो. त्यापूर्वी नव्या राष्ट्रपतींची निवड पार पडणे घटनेने बंधनकारक केलेले आहे. साहजिकच भारतीय जनता पक्ष कोणाला उमेदवारी देणार, हा प्रश्न दिल्लीच्या वृत्तवाहिन्यांपासून खंडाळ्याच्या चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र विचारला जाणार. किंबहुना तसा तो विचारला जाऊ लागलेलाच आहे.

अशा तर्कांचा पूर्वेतिहास मात्र फारसा गौरवास्पद नाही. २००२ साली राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या वर्तुळातून प्रथम पुढे आले ते महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव. काँग्रेसने त्यास विरोध केला, मग उपराष्ट्रपती कृष्णकांत यांच्या नावाची चर्चा झाली, आणि अखेर अटलजींच्या सरकारने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना पाचारण केले. ज्योतिषी आणि पत्रकार या दोहोंच्याही कुंडलीत हे नाव नव्हते. २०१७ साली लालकृष्ण अडवाणी, मुरली मनोहर जोशी, सुषमा स्वराज, चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या खासदार सुमित्राताई महाजन अशी एकाहून एक मोठी नावे घेतली जात होती. १९ जून रोजी अमित शहा यांनी बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचे नाव जाहीर केले, तेव्हा अनेक वृत्तनिवेदकांना त्यांची माहिती शोधण्यासाठी धावपळ करावी लागली. त्याच वर्षी शिवसेनेने सरसंघचालक मोहनजी भागवत यांचे नाव सुचवून सर्वांनाच चकित केले होते. संघात येतानाच आपण ही दारे बंद करून आलो आहोत, या आशयाचे उत्तर देऊन सरसंघचालकांनी नागपुरात तो विषय तेथेच संपवला. संघाच्या स्वयंसेवकाला त्या उत्तरात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते; आश्चर्य वाटले ते केवळ सत्तेच्या परिभाषेतच विचार करणाऱ्यांना.

तर्क करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगितले पाहिजे, की मुर्मू यांचे नाव २०१७ सालीही घेतले गेले होते. म्हणजे अंदाज बरोबर होता, फक्त पाच वर्षे लवकर आला!

या निवडींमागे काही सूत्र शोधायचेच असेल, तर ते जातीच्या कोष्टकापेक्षा राजभवनात अधिक सापडते. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल असताना उमेदवार झाल्या, कोविंद बिहारचे राज्यपाल होते, मुर्मू झारखंडच्या राज्यपालपदाचा कार्यकाळ पूर्ण करून आल्या होत्या. शंकर दयाळ शर्मा महाराष्ट्राच्या राजभवनातून १९८७ साली उपराष्ट्रपतिपदी आणि १९९२ साली राष्ट्रपतिपदी गेले. महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ९ सप्टेंबर २०२५ रोजी ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपतिपदी निवडून आले. मलबार हिलवरील त्या वास्तूतून दिल्लीचा रस्ता बराच सरळ आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु तर्कशास्त्रींचे समाधान एवढ्याने होत नाही. कलाम यांच्या रूपाने अल्पसंख्य झाले, कोविंद यांच्या रूपाने अनुसूचित जाती झाल्या, मुर्मू यांच्या रूपाने वनवासी समाज आणि महिला झाल्या, आता कोणता समाज आणि कोणता प्रांत ‘उरला’ आहे, असा हिशेब मांडला जातो. जणू राष्ट्रपती भवन ही पंगत आहे आणि पान वाढायचे राहिलेल्यांची यादी तयार करायची आहे!

या हिशेबात सर्वस्वी खोट आहे, असे म्हणता येणार नाही. खंडाळा तालुक्यातीलच नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे जन्मलेल्या मुलीला अक्षर गिरवण्यासाठी ज्या समाजाशी झगडावे लागले, त्याच देशात ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातील संथाळ कुटुंबातील एक शिक्षिका राष्ट्राच्या सर्वोच्च स्थानी विराजमान होते, ही घटना नायगावच्या शाळेतील मुलीला जे सांगते ते दहा भाषणांनी सांगता येणार नाही. प्रातिनिधिकतेला मोल आहे. मात्र तिच्यापाशी विचार थांबला, की उमेदवाराला मिळालेला मान दिसतो आणि त्याच्यावर येऊ शकणारे ओझे दिसत नाही. ते ओझे काय असते, हे पाहायचे तर याच महामार्गाने पुढे कराडपर्यंत आणि मनाने १९६९ सालापर्यंत जावे लागेल.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक जुलैमध्ये बंगळुरू येथे भरली. इंदिरा गांधी यांचा आग्रह जगजीवनराम यांच्यासाठी होता, तर संघटनेवर पकड असलेल्या ज्येष्ठांना नीलम संजीव रेड्डी हवे होते. त्या मंडळात महाराष्ट्राचे दोघे होते, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण. स. का. पाटील कोठे असणार हे सर्वांना ठाऊक होते. देवराष्ट्रेत जन्मलेले, कराडमध्ये घडलेले आणि त्या वेळी देशाचे गृहमंत्री असलेले यशवंतराव कोणत्या बाजूला झुकतात, याकडे सर्वांचे डोळे लागले होते. यशवंतरावांनी रेड्डी यांच्या पारड्यात मत टाकले आणि पंतप्रधानांचा त्यांच्याच पक्षाच्या मंडळात पराभव झाला. इंदिराजींच्या बाजूने जे उभे राहिले त्यांत फक्रुद्दीन अली अहमद होते. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पुढील काही दिवसांत जे घडले, त्याचा वेग आजही थक्क करणारा आहे. १६ जुलैला मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २० जुलैला गिरी यांनी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष उमेदवार म्हणून उडी घेतली. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर खुद्द पंतप्रधानांची सही होती. तरीही पक्षाच्या खासदार-आमदारांनी अंतरात्म्याच्या आवाजानुसार मत द्यावे, अशी हाक त्यांच्याच गोटातून निघाली. अंतरात्मा ही आपल्या परंपरेत फार मोठी गोष्ट आहे. ती पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला पाडण्यासाठी घोषणा म्हणून वापरली जाईल, अशी कल्पना तोवर कोणी केली नसावी. रेड्डी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे एक पत्रक खासदारांत वाटले गेले. त्यावरून निवडणूक सर्वोच्च न्यायालयात गेली आणि पदावर असलेल्या राष्ट्रपतींना न्यायालयात साक्ष द्यावी लागली.

या धामधुमीत तिसऱ्या उमेदवाराची आठवण आज महाराष्ट्रालाही राहिलेली नाही, ही खेदाची बाब आहे. ते होते चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले, १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरू मंत्रिमंडळातील अर्थमंत्री, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर १९५६ साली त्या पदाचा राजीनामा देणारे सी. डी. देशमुख! कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणारा हा प्रशासक जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि अन्य काही पक्षांच्या पाठिंब्यावर उभा होता. जनसंघाचे तेव्हा लोकसभेत ३५ खासदार आणि महाराष्ट्र विधानसभेत अवघे ४ आमदार होते. देशमुख निवडून येणार नाहीत हे उघड होते. मात्र उमेदवार शोधताना त्या छोट्या पक्षाला जात, प्रांत किंवा पुढच्या निवडणुकीची मते मोजण्याचे कारणच नव्हते. म्हणून त्याने विद्वत्ता, सचोटी आणि तत्त्वासाठी पद सोडण्याची सिद्धता एवढेच पाहिले.

२० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ चा कोटा होता. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांतून रेड्डी यांना ९१,८७९ आणि गिरी यांना केवळ १८,५६२ मते मिळाली, यावरून देशमुखांच्या मतदारांचा कल कोठे होता ते स्पष्ट होते. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी या दुसऱ्या पसंतीसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणे केले होते, आणि तेवढ्या भांडवलावर इंदिरा गटाने त्यांना प्रतिगाम्यांचे साथीदार ठरवले. वर्षअखेरीपर्यंत काँग्रेस दुभंगली. यशवंतराव इंदिराजींबरोबरच राहिले. पुढच्या वर्षी, जून १९७० मध्ये, गृहखाते त्यांच्याकडून पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले आणि त्यांना अर्थखाते देण्यात आले. बंगळुरूच्या त्या एका मताची किंमत सह्याद्रीला किती मोजावी लागली, याचा हिशेब साताऱ्या-सांगलीतील जुने काँग्रेसजनही मोकळेपणाने मांडत नसत.

आता लक्षात ठेवायला सांगितलेल्या नावाकडे येऊ. १९७४ साली इंदिराजींनी पक्षाचा उमेदवार निवडला, तेव्हा बंगळुरूची पुनरावृत्ती होऊ शकेल असे संसदीय मंडळच उरले नव्हते. फक्रुद्दीन अली अहमद राष्ट्रपती झाले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेचा कागद त्यांच्यासमोर आला. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. सही मात्र रात्रीच झाली. त्यानंतर ४ जुलैला संघावर बंदी आली, सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात होते, आणि या अंकाच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत वडील किंवा काका त्या एकोणीस महिन्यांत कोठे होते हे आजही सांगितले जाते. त्या घरांना राष्ट्रपतिपद हे शोभेचे आहे असे कोणी सांगू नये. सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याची, मंत्रिमंडळाचा ठराव कोठे आहे असे म्हणण्याची शक्यता त्या रात्री होती. १९६९ साली निष्ठेची जी परीक्षा झाली, तिचा निकाल १९७५ साली लागला.

याच्या उलट उदाहरणेही आहेत, आणि ती पक्षाभिनिवेशाच्या चौकटीत बसत नाहीत म्हणूनच मोलाची आहेत. के. आर. नारायणन यांचे आणि भाजपचे वैचारिक सख्य कधीही नव्हते. तरीही ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातील कल्याणसिंह सरकार बरखास्त करण्याची केंद्राची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली आणि ते सरकार वाचले. डॉ. कलाम यांना रालोआने निवडले. २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक संपुआ सरकारकडे परत पाठवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. परंतु त्याच कलाम यांनी त्याआधीच्या वर्षी मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या आदेशावर मध्यरात्री सही केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. आवडत्या माणसाचीही चूक चूकच म्हणावी लागते. मध्यरात्री येणारे कागद पक्ष पाहून येत नाहीत. राष्ट्रपती एखादा सल्ला एकदाच परत पाठवू शकतात, दुसऱ्यांदा आला की तो मानावाच लागतो. म्हणजे घटनेने त्यांच्या हाती दिलेले शस्त्र एका वाराचे आहे. तो वार कधी करायचा हे ओळखणारी व्यक्ती पक्षाला हवी आहे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो कोणत्याही वाहिनीच्या चर्चेत ऐकू येत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. २००७ साली प्रतिभाताईंची उमेदवारी जाहीर झाली आणि मराठी माणूस राष्ट्रपती होणार म्हणून शिवसेनेने आघाडी धर्म बाजूला ठेवून त्यांना मते दिली. भैरोसिंह शेखावत यांच्यासारखा कसलेला नेता ३,३१,३०६ मतांवर थांबला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मते मिळाली. पाच वर्षांनी शिवसेनेने पुन्हा भाजपची साथ सोडून प्रणव मुखर्जी यांना मत दिले, तेव्हा मात्र मराठीचा मुद्दाही हाताशी नव्हता. २०२२ साली २१ जूनला मुर्मू यांचे नाव जाहीर झाले. त्याच दिवशी एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतेत असल्याचे उघड झाले, आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शिवसेनेच्या दोन्ही गटांनी मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. मराठी राष्ट्रपती व्हावा ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु १९६९ साली मुंबईसाठी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडलेला मराठी माणूस उभा होता, तेव्हा ‘मराठी माणूस’ हा शब्द फारसा कोणाच्या ओठांवर आला नाही, एवढे नमूद करून पुढे जावे हे बरे.

आज स्थिती पालटली आहे. ज्या विचाराचे १९६९ साली महाराष्ट्र विधानसभेत ४ आमदार होते, त्याचे २०२४ साली १३२ निवडून आले. यशवंतरावांच्या सातारा जिल्ह्यातील आठही जागा त्या वर्षी महायुतीकडे गेल्या. महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतील ५ कोटी ४ लाख लोकसंख्येला २८८ ने आणि मग हजाराने भागून ते आलेले आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे मिळून सोळा आमदार, म्हणजे २,८०० मते. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हेच गणित चालणार आहे. त्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरवण्यात आली असल्यामुळे येती निवडणूक बहुधा जुन्या हिशेबाने होणारी अखेरची ठरेल. त्यानंतर दक्षिणेचे आणि उत्तरेचे पारडे कसे बदलेल, ही चिंता पक्षाने उमेदवार निवडताना केली तर ती जातीच्या कोष्टकापेक्षा कितीतरी अधिक समयोचित होईल. संख्याबळ अनुकूल असताना दक्षिणेला विश्वासात घेणारा निर्णय करणे हे दुर्बलतेचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

मात्र संख्याबळाचाच एक धोका आहे. चार आमदारांच्या जनसंघाला देशमुख परवडले, कारण त्यांना हरायचेच होते. आज ज्याला उमेदवारी मिळेल तो बहुधा राष्ट्रपती भवनात जाईल, आणि म्हणूनच निवड अधिक कठीण आहे. जिंकणाऱ्या पक्षाला सोयीची माणसे शेकड्यांनी सापडतात. ती निवडून आल्यावर पाच वर्षे काहीही अडत नाही, आणि मग एखाद्या रात्री अडते. ती रात्र आपलाच पक्ष सत्तेत असताना येईल की विरोधक सत्तेत असताना, हे २०२७ साली कोणी सांगू शकणार नाही. इंदिराजींच्या पश्चात जनता पक्षाने १९७७ साली त्याच संजीव रेड्डींना आणले, आणि ते बिनविरोध निवडून आले. आजवर बिनविरोध निवडून आलेले ते एकमेव राष्ट्रपती. सत्ता फिरते, पण पद तेथेच असते, हे पक्षाच्या संसदीय मंडळाला खंडाळ्याच्या कार्यकर्त्याने सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही त्याने ते आपल्या आमदाराला जरूर सांगावे. या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते; १९६९ साली ज्या मोकळिकीचा गैरवापर झाला तीच मोकळीक आजही कायम आहे.

उमेदवाराचे नाव यथावकाश जाहीर होईल, आणि अनुभव पाहता ते बहुधा आज घेतल्या जाणाऱ्या नावांपैकी नसेल. अर्जावर किमान ५० सूचक आणि ५० अनुमोदक यांच्या सह्या होतील, पंधरा हजार रुपयांची अनामत भरली जाईल. मग मतदानाच्या दिवशी वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर या तीन तालुक्यांचा आमदार मुंबईच्या विधान भवनात जाईल, निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या शाईच्या लेखणीने गुलाबी मतपत्रिकेवर आपली पसंती आकड्यात लिहील, आणि ती पेटी विमानातील स्वतंत्र आसनावरून दिल्लीला रवाना होईल.